वाणिज्याच्या वर्गातले लाग्रांज



दहावीचा निकाल लागला की आमच्या कार्यालयात येणारे बरेच पालक एकच प्रश्न विचारतात. मुलाला किंवा मुलीला गणित नको आहे, तर वाणिज्य संकाय द्यावे का? आम्ही त्यांना सांगतो की वाणिज्य अवश्य द्यावे, पण गणितापासून सुटका म्हणून देऊ नये. कारण पुढे बी.बी.ए., अर्थशास्त्र किंवा व्यवस्थापनाकडे गेलेली आमची मुले सुटीत भेटायला येतात आणि गणित तिथेही दारात उभे होते, असे सांगतात. परदेशांतील अनेक विद्यापीठांत तर वाणिज्य आणि सामाजिक शास्त्रांच्या विद्यार्थ्यांना कलनाचे एक नव्हे, दोन अभ्यासक्रम असतात. पहिल्यात एकाच चलराशीचा विचार असतो. किंमत वाढली तर मागणी किती वेगाने घटते, अशा तऱ्हेचा. दुसऱ्यात किंमत, जाहिरात, मजुरी, कच्चा माल असे अनेक घटक एकदम येतात आणि हातातला पैसा मात्र ठरलेला असतो. या दुसऱ्या अभ्यासक्रमात ज्यांचे नाव विद्यार्थ्याला हमखास भेटते, त्या जोसेफ लुई लाग्रांज यांचे चरित्र आम्ही या अंकासाठी निवडले आहे.

आधी शब्दांबद्दल थोडेसे. आम्ही स्वतः हिंदी माध्यमातून पदवी घेतली, त्यामुळे आमच्या तोंडी अवकलन आणि समाकलन हेच शब्द बसलेले आहेत. मराठी पुस्तकांत विकलन आणि संकलन असे शब्द दिसतात. मुलांनी गोंधळून जाऊ नये, वस्तू एकच आहे. नावाचेही तसेच. कोणी लाग्रांज लिहितात, कोणी लॅग्रेंज. खुद्द त्यांचे जन्मनाव इटालियन वळणाचे, ज्युसेप्पे लोदोविको लाग्रांजिया असे होते.

त्यांचा जन्म २५ जानेवारी १७३६ रोजी इटलीतील तुरिन शहरी झाला. घराण्याचे मूळ फ्रेंच. वडील राजदरबारी सार्वजनिक बांधकामे आणि किल्ल्यांच्या खात्याचे खजिनदार होते, म्हणजे घर सुखवस्तू होते. पण वडिलांना सट्ट्याच्या व्यवहारांची ओढ लागली आणि होते नव्हते ते त्यात गेले. मुलगा मोठा होईपर्यंत वारसा म्हणून काही उरले नव्हते. पुढे म्हातारपणी लाग्रांज म्हणत की आपण श्रीमंत राहिलो असतो तर बहुधा गणिताकडे वळलोच नसतो. ज्यांच्या नावाची रीत आज पैशाचे नियोजन शिकवताना वापरली जाते, त्यांच्या घरी पैशाची अशी वाट लागली होती. हा योगायोग आम्हांला मोठा विलक्षण वाटतो.

त्यांना वकील करायचे वडिलांच्या मनात होते. शाळेत असताना त्यांना लॅटिन भाषा आवडे, आणि ग्रीक भूमिती मात्र कंटाळवाणी वाटे. मग एके दिवशी इंग्रज खगोलशास्त्रज्ञ हॅली यांचा एक लेख हाती पडला. धूमकेतूमुळे आपण ज्यांना ओळखतो, तेच हे हॅली. भिंगांच्या शास्त्रात बीजगणित किती उपयोगी पडते, असा त्या लेखाचा विषय होता. तो वाचून सतरा वर्षांच्या या मुलाला गणिताचे वेड लागले. मार्गदर्शक असा कोणी मिळाला नाही. जे शिकले ते पुस्तके वाचून, एकट्याने.

दोनच वर्षांनी, ऑगस्ट १७५५ मध्ये, त्यांनी बर्लिनला ऑयलर यांना एक पत्र पाठवले. ऑयलर म्हणजे त्या काळच्या युरोपातील सर्वश्रेष्ठ गणिती. पत्रात वक्रांविषयीची एक नवी रीत होती. साध्या कलनात आपण सर्वांत मोठी किंवा सर्वांत लहान संख्या शोधतो. लाग्रांज यांच्या रीतीने असंख्य मार्गांतून सर्वांत चांगला अखंड मार्ग शोधता येई. ऑयलर स्वतः त्याच प्रश्नावर वर्षानुवर्षे काम करीत होते, पण त्यांची पद्धत आकृत्यांवर अवलंबून आणि लांबलचक होती. त्यांनी तरुणाचे मोकळ्या मनाने कौतुक केले. इतकेच नव्हे तर या विषयावरचे आपले लेखन मागे ठेवले, म्हणजे श्रेय त्या मुलाकडे जावे. आमच्या मते गणिताच्या इतिहासातील हा सर्वांत सुंदर प्रसंग आहे आणि शिक्षक मंडळींनी तो जरूर लक्षात ठेवावा. गंमत अशी की या दोघांचा पत्रव्यवहार पुढे कित्येक वर्षे चालला, पण प्रत्यक्ष भेट कधीच झाली नाही.

या रीतीचाही अर्थशास्त्राशी संबंध आला, पण फार उशिरा. १९२८ साली इंग्लंडमधील फ्रँक रॅमसे या तरुण गणितीने एका देशाने आपल्या उत्पन्नातून किती खर्चावे आणि किती शिल्लक टाकावे, हा प्रश्न याच चलन-कलनाने सोडवला.

त्याच १७५५ सालच्या सप्टेंबरात लाग्रांज तुरिनच्या शाही तोफखाना विद्यालयात शिकवू लागले. वय एकोणीस. समोर बसलेले काही विद्यार्थी त्यांच्यापेक्षा वयाने मोठे होते असे सांगतात. तिथे त्यांनी अकरा वर्षे काढली, मित्रांसह एक विद्वत्सभा उभी केली आणि चंद्र आपली एकच बाजू पृथ्वीकडे का ठेवतो, यावरील निबंधासाठी पॅरिसच्या अकादमीचे १७६४ सालचे पारितोषिक मिळवले.

१७६६ मध्ये ऑयलर बर्लिन सोडून रशियाला गेले आणि त्यांच्या जागी प्रशियाचे राजे फ्रेडरिक दुसरे यांनी लाग्रांज यांना बोलावून घेतले. बर्लिनमध्ये ते वीस वर्षे राहिले. तिथे वर्ग घ्यायचे नव्हते, फक्त संशोधन करायचे होते. दुसऱ्या दिवशी नेमके काय करायचे हे ते रात्रीच ठरवीत आणि ठरवले तेवढेच करीत. लेख मनात पूर्ण तयार झाल्याशिवाय कागदावर उतरत नसे, म्हणून त्यांच्या हस्तलिखितांत खाडाखोड जवळजवळ नसे. वाद घालणे त्यांच्या स्वभावात नव्हते. संगीत सभेला जात, पण पहिले काही सूर कानी पडले की त्यांचे मन गणितात बुडून जाई आणि म्हणूनच संगीत आवडते असे ते सांगत.

१७६७ साली त्यांनी नात्यातल्याच व्हित्तोरिया कोंती यांच्याशी विवाह केला. पत्नीची प्रकृती पुढे ढासळत गेली. लाग्रांज स्वतः तिची शुश्रूषा करीत. १७८३ मध्ये ती गेली आणि ते अगदी खचले. मूलबाळ नव्हते. १७८६ मध्ये राजे फ्रेडरिकही वारले, बर्लिनचे वातावरण बदलले, आणि पुढच्याच वर्षी लाग्रांज पॅरिसला आले. तेथे त्यांना लूव्र राजवाड्यात राहायला जागा मिळाली.

१७८८ मध्ये त्यांचा सर्वांत मोठा ग्रंथ छापून आला, विषय यंत्रशास्त्र. भल्याथोरल्या या ग्रंथात एकही आकृती नाही आणि याचा लेखकाला अभिमान होता. पण छापील प्रत हाती आली तेव्हा त्यांचे मनच उडालेले होते. ती दोन वर्षे मेजावर न उघडता पडून राहिली असे त्यांचे चरित्रकार सांगतात. गणितात आता करण्यासारखे काही राहिले नाही, असे त्या दिवसांत त्यांना वाटू लागले होते. वय बावन्न. आमच्या वयाच्या माणसांना ही मनःस्थिती समजावून सांगायला नको.

मग १७८९ मध्ये फ्रेंच राज्यक्रांती झाली. पुष्कळ परदेशी विद्वान पॅरिस सोडून गेले, लाग्रांज राहिले. १७९२ मध्ये खगोलशास्त्रज्ञ लमोनिए यांच्या वयाने खूपच लहान असलेल्या मुलीने त्यांच्याशी लग्न करायचा हट्ट धरला आणि तो संसार सुखाचा झाला. पुढच्याच वर्षी शत्रुदेशात जन्मलेल्या परकीयांना अटक करण्याचा कायदा निघाला. लाग्रांज यांचा जन्म तुरिनचा, म्हणून तेही त्यात सापडले असते. थोर रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए यांनी मध्ये पडून त्यांना सूट मिळवून दिली. ज्याने वाचवले तो मात्र वाचला नाही. राजाच्या अमदानीत कर वसुलीचा मक्ता असलेल्या मंडळीत लाव्हाझिए भागीदार होते आणि त्यापायी ८ मे १७९४ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. एक डोके उडवायला क्षणभर पुरला, पण तसे डोके पुन्हा घडायला शंभर वर्षेही पुरायची नाहीत, असे लाग्रांज हळहळून म्हणाले.

त्या धामधुमीतही त्यांनी दोन कामे अशी केली की ती थेट बाजाराशी आणि घराघराशी निगडित होती. पहिले काम वजने-मापे ठरवणाऱ्या समितीचे. फ्रान्समध्ये गावोगावी वेगळी मापे होती, व्यापाऱ्याची सोय आणि गिऱ्हाइकाची गैरसोय असा प्रकार होता. दशमान पद्धतीच्या बाजूने लाग्रांज ठाम राहिले. बाराला जास्त भाजक असतात म्हणून बाराचा पाया घ्यावा असे काही जण म्हणत. त्यांना गप्प करण्यासाठी, ज्याला एकही भाजक नाही असा अकराचा पाया का घेऊ नये, असे लाग्रांज विचारीत अशी आख्यायिका आहे. आपल्या देशात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ मध्ये झाला आणि १ एप्रिल १९५७ पासून आणे-पै जाऊन शंभर पैशांचा रुपया आला. आजी-आजोबांना विचारा, शेर आणि छटाक त्यांच्या बोलण्यात अजून येतात.

दुसरे काम कमी लोकांना ठाऊक आहे. साऱ्या देशाला वर्षाला धान्य किती लागते आणि मांस किती लागते, याचा अंदाज त्यांनी मांडला. जनगणनेची आजच्यासारखी साधने नव्हती. त्यांनी सैनिकाला मिळणारा शिधा हा आधार धरला आणि त्यावरून सगळ्या जनतेची गरज काढली. हा निबंध १७९६ मध्ये छापला गेला. टंचाई आणि भाववाढीने गांजलेल्या देशात हा हिशेब पोटापाण्याचा होता. सामाजिक शास्त्रांत गणित कशाला, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही हेच उदाहरण देतो.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. नव्या राजवटीला शिक्षक आणि अभियंते हवे होते. १७९५ मध्ये शिक्षक घडवण्यासाठी पॅरिसला एक नवी शाळा उघडली. तिथे लाग्रांज आणि लाप्लास या दोन दिग्गजांना प्राथमिक अंकगणित शिकवायला उभे केले गेले! शिवाय १७९४ मध्ये स्थापन झालेल्या एकोल पोलितेक्निक या तंत्रविद्यालयात लाग्रांज कलनाचे प्राध्यापक झाले. तुरिन सोडल्यापासून जवळजवळ तीस वर्षे त्यांनी वर्ग घेतला नव्हता. आवाज बारीक, फ्रेंच बोलण्याला इटालियन हेल, त्यामुळे काही विद्यार्थी हसत. त्या वर्गात बसलेले फूरिए, जे पुढे स्वतः मोठे गणिती झाले, त्यांनी हे लिहून ठेवले आहे. घरी एक भाषा, शाळेत दुसरी आणि बाजारात तिसरी बोलणाऱ्या आमच्या मुलांना यात नवे काही वाटणार नाही.

पण साठीच्या उंबरठ्यावर आलेले हे शिक्षक वर्गामुळे पुन्हा जागे झाले. विद्यार्थ्यांना कलन समजावताना त्यांना जुनी अडचण बोचू लागली. न्यूटन आणि लायबनिझ यांच्या कलनात अतिसूक्ष्म राशी येत. त्या शून्य आहेत की नाहीत, हे कोणीच नीट सांगत नसे. लाग्रांज यांनी ते सारे बाजूला ठेवून निव्वळ बीजगणितावर कलन उभारण्याचा प्रयत्न केला आणि वर्गातील व्याख्यानांतून १७९७ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. फलनाच्या अक्षराच्या डोक्याशी छोटीशी तिरपी खूण देऊन त्याचा विकलज दाखवायचा, ही आज बारावीचा प्रत्येक विद्यार्थी वापरतो ती पद्धत लाग्रांज यांचीच.

याच पुस्तकात त्यांनी गुणकांची रीतही सर्वसाधारण रूपात मांडली. यंत्रशास्त्राच्या ग्रंथात ती आधी आली होती, पण तिथे ती दोऱ्या, तरफा आणि वजनांसाठी होती. ही रीत काय आहे ते आम्ही एका साध्या उदाहरणाने सांगतो. समजा शाळेच्या मागे आयताकृती परसबाग करायची आहे आणि आपल्याकडे कुंपणाची तार ४० मीटर आहे. लांबी १५ आणि रुंदी ५ ठेवली तर जागा मिळते ७५ चौरस मीटर. १२ आणि ८ ठेवली तर ९६. १० आणि १० ठेवली तर १००, आणि यापेक्षा जास्त मिळत नाही. इथे जागा वाढवायची हा हेतू आणि ४० मीटर ही अट. लाग्रांज यांनी अटीला एका अज्ञात संख्येने गुणून ती हेतूच्या सूत्राला जोडली आणि मग अट वेगळी नाहीच असे समजून नेहमीच्या विकलनाने उत्तर काढले. आज त्या अज्ञात संख्येला बहुधा लॅम्डा हे ग्रीक अक्षर देतात.

खरी मौज त्या संख्येतच आहे. आपल्या उदाहरणात ती येते ५. याचा अर्थ असा की तार आणखी एक मीटर मिळाली तर बाग सुमारे ५ चौरस मीटरने वाढेल. खात्री करून पाहा. ४१ मीटर तारेत प्रत्येक बाजू सव्वादहा मीटर होते आणि क्षेत्रफळ १०५ च्या किंचित वर जाते. म्हणजे गुणक नुसते उत्तर काढायला मदत करत नाही, तर अट थोडी सैल झाली तर किती लाभ होईल तेही सांगतो. अर्थशास्त्रात यालाच छाया-किंमत म्हणतात. तारेच्या जागी दुकानदाराचे भांडवल घ्या. दिवाळीच्या मालासाठी त्याच्याकडे ठरावीक रक्कम आहे आणि ती कापड व भांडी या दोहोंत वाटायची आहे. कापडावर लावलेला शेवटचा रुपया भांड्यांवर लावलेल्या शेवटच्या रुपयापेक्षा जास्त नफा देत असेल, तर एक रुपया इकडून तिकडे हलवणे फायद्याचे. असे हलवत हलवत दोन्हीकडच्या शेवटच्या रुपयाचा नफा सारखा झाला की थांबावे. तो सारखा झालेला नफा म्हणजेच लाग्रांज यांचा गुणक. बँकेकडून आणखी कर्ज काढावे की नाही, हेही तोच सांगतो. त्याच्यापेक्षा व्याज जास्त असेल तर कर्ज घेऊ नये.

लाग्रांज यांनी यातले दुकान कधी पाहिले नव्हते, हे खरे. अर्थशास्त्रात कलन आणले ते मुख्यतः कूर्नो या दुसऱ्या फ्रेंच विद्वानाने, १८३८ मध्ये, झऱ्याचे खनिज पाणी विकणाऱ्या मालकाचा नफा कसा वाढेल हे दाखवताना. त्यांचे पुस्तक त्या काळी फारसे कोणी वाचले नाही. गुणकांची रीत अर्थशास्त्राच्या वर्गात रुळायला विसावे शतक उजाडले आणि अमेरिकेतील पॉल सॅम्युएलसन यांच्या १९४७ सालच्या ग्रंथाचा त्यात मोठा वाटा आहे.

त्यांच्या अध्यापनकाळातील दोन विद्यार्थ्यांची हकीकत सांगितल्याशिवाय आम्हांला राहवत नाही. खरे तर दोघांपैकी एकही त्यांच्या वर्गात बसत नव्हता. पोलितेक्निकमध्ये मुलींना प्रवेश नव्हता, तो थेट १९७२ मध्ये मिळाला. सोफी जर्मेन नावाच्या एका मुलीने व्याख्यानांच्या टिपणवह्या मिळवल्या, घरी अभ्यास केला आणि लब्लाँ या एका विद्यार्थ्याच्या नावाने आपले टिपण लाग्रांज यांच्याकडे पाठवले. टिपण इतके चांगले होते की त्यांनी या विद्यार्थ्याचा शोध घेतला. तो विद्यार्थी मुलगी निघाल्यावर त्यांनी तिला नाउमेद केले नाही, उलट प्रोत्साहन दिले. पुढे १८१६ मध्ये याच सोफी जर्मेन यांनी पॅरिस अकादमीचे पारितोषिक जिंकले. गणित घेऊ का, असे दबक्या आवाजात विचारणाऱ्या आमच्या मुलींनी हे नाव वहीत लिहून ठेवावे.

दुसरा एक लहान मुलगा, ऑग्युस्तँ कोशी. लाग्रांज १७९९ मध्ये फ्रान्सच्या सिनेटचे सदस्य झाले आणि कोशीचे वडील तिथे सचिव होते. मुलगा बुद्धिमान आहे हे लाग्रांज यांनी ओळखले आणि वडिलांना सल्ला दिला तो असा की आधी त्याची भाषा आणि साहित्य पक्के होऊ द्या, तोवर त्याला मोठ्या गणिताच्या पुस्तकांना हात लावू देऊ नका. वडिलांनी ऐकले. मुलाने लॅटिन आणि ग्रीकमध्ये बक्षिसे मिळवली आणि मग पोलितेक्निकमध्ये प्रवेश घेतला. मराठी कशाला, तेवढ्या वेळात गणिताची शिकवणी लावू, असे म्हणणाऱ्या पालकांसाठी आम्ही ही गोष्ट मुद्दाम राखून ठेवली आहे. पुढे कोशी त्याच विद्यालयात शिकवू लागले आणि त्यांनीच दाखवून दिले की लाग्रांज यांनी कलनाला घातलेला बीजगणिताचा पाया अपुरा आहे. सीमा ही कल्पना पायाशी ठेवून त्यांनी नवी मांडणी केली. अकरावीच्या पुस्तकात कलनाचा धडा सीमेपासून सुरू होतो तो त्यामुळे. लाग्रांज यांचा पाया बदलला, पण खूण, शब्द आणि गुणक राहिले.

नेपोलियनने लाग्रांज यांचा मोठा मान राखला, १८०८ मध्ये काउंट ही पदवी दिली. सत्तरी उलटल्यावर त्यांनी तो न उघडलेला यंत्रशास्त्राचा ग्रंथ पुन्हा हाती घेतला आणि वाढवून लिहायला लागले. पहिला खंड १८११ मध्ये निघाला. दुसऱ्यावर काम चालू असताना शक्ती कमी होत गेली, भोवळ येऊ लागली. एप्रिल १८१३ च्या सुरुवातीला मोंज आणि आणखी दोघे स्नेही भेटायला आले, त्यांच्याशी लाग्रांज आपल्या आयुष्याविषयी शांतपणे बोलले. १० एप्रिल रोजी त्यांचे निधन झाले. पॅरिसच्या पाँतेआँ या राष्ट्रीय स्मारकात त्यांना चिरविश्रांती देण्यात आली, आणि पुढे उभारलेल्या आयफेल मनोऱ्यावर कोरलेल्या ७२ नावांत त्यांचेही नाव आहे. दुसरा खंड त्यांच्या मागे, १८१५ साली छापून बाहेर आला.